केमोथेरपीच्या जोडीला औषधी मशरूमचा अर्क: ठरवावे कसे आणि घ्यावा कसा

औषधी मशरूमचा अर्क केमोथेरपीच्या जोडीला घ्यावा का, या प्रश्नाला सर्वांना लागू पडेल असे एकच उत्तर नाही. कर्करोग कोणत्या अवयवाचा आहे, केमोची कोणती औषधे चालू आहेत, अर्क कोणत्या मशरूमचा आहे व तो कसा काढलेला आहे, रुग्णाचे यकृत, मूत्रपिंड आणि रक्तपेशी यांची स्थिती काय आहे, एवढे कळल्याखेरीज कोणी होकार देऊ नये आणि सरसकट नकारही देऊ नये. हा निर्णय क्रमाने कसा घ्यावा आणि होकार मिळालाच तर अर्क कसा सुरू करावा, याची माहिती पुढे दिली आहे. एक गोष्ट मात्र आरंभीच पक्की करून टाकावी. ठरलेली केमो पुढे ढकलून, तिची मात्रा आपल्या मनाने कमी करून किंवा ती सोडून अर्कावर विसंबण्याला कोणत्याही चाचणीचा आधार नाही.

पुरावा नेमका कशाचा आहे, हे आधी पाहावे

सर्वांत भक्कम पुरावा टर्की टेल या मशरूमचा आहे. वाळलेल्या लाकडावर पंख्यासारखे थर धरून वाढणाऱ्या या मशरूमपासून जपानमध्ये पीएसके नावाचा प्रथिनयुक्त शर्करेचा अर्क तयार करण्यात आला आणि १९७७ साली त्याला तिथे औषध म्हणून मान्यता मिळाली. जठराचा कर्करोग शस्त्रक्रियेने काढल्यानंतर केमो घेतलेल्या २६२ रुग्णांवरील एका चाचणीचे निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. केवळ केमो घेतलेल्यांपैकी ६० टक्के, तर केमोसोबत पीएसके घेतलेल्यांपैकी ७३ टक्के रुग्ण पाच वर्षांनंतर हयात होते. पुढे २००७ मध्ये अशा आठ चाचण्यांतील ८,००९ रुग्णांची माहिती एकत्र करून पाहिली असता मृत्यूचा धोका सुमारे १२ टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले. हा फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही, पण चमत्कार म्हणावा एवढाही नाही.

या आकड्यांकडे पाहताना दोन बाबी ध्यानात ठेवाव्यात. पहिली म्हणजे, हे रुग्ण शस्त्रक्रिया होऊन गाठ निघालेले होते. शरीरभर पसरलेल्या कर्करोगाला हे निष्कर्ष जसेच्या तसे लावता येत नाहीत. दुसरी बाब वेळेची आहे. १९९४ च्या चाचणीत केमोच्या गोळ्या चार आठवडे आणि त्यानंतर पीएसके चार आठवडे, अशी आलटूनपालटून योजना होती, म्हणजे दोन्ही गोष्टी एकाच दिवशी पोटात जात नव्हत्या. आज बाटली विकत घेऊन केमोच्या दिवशीच कॅप्सूल घेणारा रुग्ण त्या चाचणीचा दाखला देतो, तेव्हा प्रत्यक्षात तो वेगळीच गोष्ट करत असतो.

शिटाके मशरूममधील लेंटिनन हा दुसरा बहुचर्चित घटक. त्याला जपानमध्ये १९८५ साली जठराच्या कर्करोगासाठी मान्यता मिळाली, पण ती शिरेतून देण्याच्या इंजेक्शनला. हा रेणू फार मोठा असल्यामुळे तोंडावाटे घेतल्यास तो आतड्यातून जेमतेम शोषला जातो. म्हणून शिटाकेच्या कॅप्सूलला लेंटिननच्या चाचण्यांचे श्रेय देणे चुकीचे ठरते. शिवाय इंजेक्शनचाही अनुभव एकसारखा नाही. पसरलेल्या जठर-कर्करोगाच्या ३०९ रुग्णांवर झालेल्या एका मोठ्या चाचणीत केमोच्या गोळ्यांना लेंटिननची जोड देऊनही आयुष्य वाढले नाही.

रेशी या मशरूमबद्दल बोलले जाते खूप, पुरावा मात्र तोकडा आहे. कॉक्रेन या संस्थेने केलेल्या आढाव्यात निकषांत बसणाऱ्या पाचच चाचण्या सापडल्या आणि त्यांत मिळून ३७३ रुग्ण होते. केमो किंवा किरणोपचारासोबत रेशी घेतलेल्यांत उपचाराला प्रतिसाद मिळण्याचे प्रमाण जास्त आढळले, पण चाचण्यांचा दर्जा बेताचा होता आणि रुग्ण किती काळ जगले याची नोंद त्यांपैकी एकाही चाचणीत नव्हती. रेशीला पहिला उपचार म्हणून आधार नाही, पूरक म्हणून तिचा विचार होऊ शकतो, एवढाच निष्कर्ष त्यातून काढण्यात आला.

मायटाके, कॉर्डिसेप्स, चागा, लायन्स मेन या मशरूमविषयीचे बहुतेक काम काचेच्या बशीतील पेशींवर आणि उंदरांवर झालेले आहे. त्यांवर अधिक वेळ घालवण्यात अर्थ नाही. जाहिरातीत ‘संशोधनाने सिद्ध’ असे दिसले, की ते संशोधन माणसांवर झाले की उंदरांवर, एवढा एकच प्रश्न विचारावा.

अर्क शरीरात काय करतो

या सर्व मशरूमच्या पेशीभित्तिकेत बीटा-ग्लुकान नावाच्या लांब शर्करा-साखळ्या असतात. आपल्या पांढऱ्या पेशींच्या पृष्ठभागावर, विशेषतः भक्षक पेशींवर, डेक्टिन-१ सारखे ग्राहक असतात, आणि ते या साखळ्यांना बुरशीची खूण म्हणून ओळखतात. बुरशीचा शिरकाव झाला असे समजून प्रतिकारयंत्रणा जागी होते आणि त्यात नैसर्गिक मारक पेशींची हालचालही वाढते. अर्काने गाठ थेट विरघळते, अशी समजूत अनेकांची असते. माणसांवरील चाचण्यांत तसे दिसलेले नाही. परिणाम होतो तो प्रतिकारयंत्रणेमार्फत, आणि ज्यांच्या बाबतीत ही यंत्रणा चेतवणे धोक्याचे आहे त्यांनी अर्कापासून लांब का राहावे, याचे कारणही यातच आहे.

रेशीमध्ये याखेरीज ट्रायटरपीन नावाची कडू द्रव्ये असतात. ती पाण्यात फारशी उतरत नाहीत, अल्कोहोलमध्ये उतरतात. प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठवण्यास मदत करणाऱ्या पेशी, एकमेकींना चिकटण्याची क्रिया रेशीमुळे मंदावू शकते, हेही तिच्याबाबत नोंदले गेले आहे.

कोणी घेऊच नये

दात्याच्या मूळपेशींचे किंवा एखाद्या अवयवाचे प्रत्यारोपण झालेल्यांनी, तसेच संधिवात, ल्युपस यांसारखे स्वयंप्रतिकार आजार असलेल्यांनी प्रतिकारशक्ती चेतवणारा कोणताही अर्क घेऊ नये. पेम्ब्रोलिझुमॅब, निव्होलुमॅब यांसारखी इम्युनोथेरपी चालू असेल तर प्रतिकारयंत्रणेवरचा लगाम उपचारानेच सैल केलेला असतो. त्यात आणखी चेतना दिली तर फुप्फुस, आतडे किंवा थायरॉइडवर स्वतःच्याच पेशींचा हल्ला वाढेल का, याची खात्री देण्याइतकी माहिती हाती नाही, म्हणून इथे थांबणेच शहाणपणाचे आहे. रक्ताच्या आणि लसिका ग्रंथींच्या कर्करोगात बिघडलेल्या पेशी प्रतिकारयंत्रणेतल्याच असतात, त्यामुळे तिथेही रक्तविकारतज्ज्ञाने स्पष्ट होकार दिल्याशिवाय सुरुवात करू नये.

रक्त पातळ ठेवण्याचे औषध घेणाऱ्यांनी आणि प्लेटलेट्स कमी झालेल्यांनी रेशी टाळावी. मधुमेहाची औषधे किंवा इन्सुलिन चालू असेल तर मायटाके आणि रेशी रक्तातील साखर आणखी खाली आणू शकतात. चागामध्ये ऑक्झॅलेट या मूत्रपिंडात खडे धरणाऱ्या क्षाराचे प्रमाण बरेच असते आणि त्याच्या दीर्घ सेवनाने मूत्रपिंड निकामी झाल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत आलेल्या आहेत. सिस्प्लॅटिन किंवा मेथोट्रेक्सेट ही केमोची औषधे चालू असलेल्या रुग्णाच्या मूत्रपिंडावर आधीच भार असतो, अशा वेळी चागाचा विचारही करू नये. रेशीच्या भुकटीनंतर यकृताला गंभीर इजा झाल्याच्याही मोजक्या पण ठळक नोंदी आहेत. तेव्हा यकृताच्या तपासण्या आधीच बिघडलेल्या असतील, तर रेशीचा विषय तिथेच संपतो.

डॉक्टरांशी बोलताना

बरेच रुग्ण अर्काची गोष्ट डॉक्टरांपासून लपवतात, कारण रागावणे ऐकावे लागेल अशी धास्ती असते. ‘मशरूम घेतले तर चालेल का?’ असे मोघम विचारले, तर ‘खा की’ किंवा ‘नको त्या भानगडीत पडू’ यांपैकी एक उत्तर मिळते आणि दोन्हींचा उपयोग होत नाही. ‘खा की’ हे उत्तर तर बहुधा भाजीतल्या मशरूमसाठी असते. शिजवलेले मशरूम जेवणात खाणे आणि शेकडो ग्रॅम मशरूमचा अर्क काही ग्रॅम भुकटीत एकवटून रोज घेणे, या दोन बाबी निराळ्या आहेत.

म्हणून बाटली सोबत न्यावी. लेबलाच्या दोन्ही बाजूंचे स्वच्छ फोटो काढून ठेवावेत, चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी लिहून न्यावी आणि प्रश्न नेमके विचारावेत. माझ्या केमोतील औषधांपैकी कोणते यकृतातील सीवायपी-३ए४ या एन्झाइममार्फत पचते? पॅक्लिटॅक्सेल, डोसेटॅक्सेल, व्हिन्क्रिस्टिन आणि गोळ्यांच्या रूपातील अनेक लक्ष्यवेधी औषधे (कर्कपेशीतील ठरावीक रेणूवर काम करणारी) या वाटेने जातात. एखाद्या अर्काने हे एन्झाइम मंदावले तर केमो रक्तात साठून विषारी ठरते, आणि ते जोरात चालू लागले तर केमो वेळेआधीच नाहीशी होते. ही भीती पुस्तकी नाही. सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती घेतल्याने आयरिनोटेकन या केमोच्या औषधाचे सक्रिय रूप रक्तात घटते, हे रुग्णांवर मोजलेले आहे. बहुतेक मशरूम-अर्कांबाबत असे मोजमाप माणसांत झालेले नाही, त्यामुळे औषधनिर्माणतज्ज्ञाला यादी दाखवून त्याचेही मत घ्यावे. पुढचा प्रश्न रक्तपेशींचा: माझ्या पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स कोणत्या दिवशी सर्वांत खाली जातात? अनेक औषधांत हा काळ केमोनंतर सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या आसपास येतो, आणि सुरुवातीची तारीख ठरवताना तो उपयोगी पडतो. अँटिऑक्सिडंटचा, म्हणजे ऑक्सिडीकरण रोखणाऱ्या पदार्थांचा मुद्दाही काढावा, कारण डॉक्सोरुबिसिन, सिस्प्लॅटिन आणि किरणोपचार यांचा मारा काही अंशी ऑक्सिडीकरणातून होतो, आणि काही अर्क स्वतःची ओळख अँटिऑक्सिडंट म्हणूनच करून देतात.

उत्तर काहीही मिळो, ते केसपेपरवर लिहून घ्यावे. रात्री-बेरात्री दुसऱ्या डॉक्टरांपुढे जाण्याची वेळ आली, तर त्यांना रुग्ण काय घेत आहे हे तिथूनच कळेल.

बाटलीवर काय वाचावे

चाचणीत वापरलेला पदार्थ आणि बाजारातली बाटली यांच्यातील अंतर हा या विषयातला सर्वांत दुर्लक्षित भाग आहे, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचाही. अमेरिकेतील रेशीच्या १९ उत्पादनांची तपासणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा लेबलाशी मेळ खाणारी उत्पादने फक्त पाच निघाली.

लेबलावर मशरूमचे शास्त्रीय नाव पूर्ण असावे. टर्की टेलसाठी ट्रॅमेटिस व्हर्सिकलर, रेशीसाठी गॅनोडर्मा ल्युसिडम किंवा गॅनोडर्मा लिंगझी. त्यानंतर कोणता भाग वापरला ते पाहावे. जमिनीवर किंवा लाकडावर दिसते ते मशरूमचे फळ, आणि आत पसरते ते तंतूंचे जाळे, म्हणजे मायसेलियम. मायसेलियम अनेकदा धान्यावर वाढवतात आणि मग ते धान्यासकट वाळवून दळतात, त्यामुळे भुकटीत स्टार्च भरपूर आणि बीटा-ग्लुकान कमी, असे होऊ शकते. ‘पॉलिसॅकराइड ४० टक्के’ या ओळीने भुलू नये, कारण पॉलिसॅकराइड म्हणजे कोणतीही लांब शर्करा-साखळी, आणि स्टार्च हासुद्धा पॉलिसॅकराइडच आहे. बीटा-ग्लुकानचे टक्के स्वतंत्रपणे दिलेले असावेत. ‘१०:१ अर्क’ याचा अर्थ दहा किलो कच्च्या मालापासून एक किलो अर्क काढला, एवढाच. त्या एका किलोत काय उतरले, हे त्यावरून कळत नाही.

स्टार्चची शंका घरीच पडताळता येते. पाव चमचा भुकटी अर्धा कप गरम पाण्यात ढवळून पूर्ण गार होऊ द्यावी, कारण गरम पाण्यात हा रंग टिकत नाही. वरच्या पाण्याचे काही थेंब पांढऱ्या बशीत घेऊन त्यात जखमेला लावायच्या आयोडिनचा एक थेंब टाकावा. पाणी निळे-काळे झाले तर त्यात धान्याचा किंवा मिसळलेला स्टार्च आहे. रंग तपकिरीच राहिला तर स्टार्च फारसा नाही, एवढेच समजावे. बीटा-ग्लुकान आहे किंवा भुकटी शुद्ध आहे, असे त्यावरून सिद्ध होत नाही. तपासलेला नमुना लगेच टाकून द्यावा.

अर्क गरम पाण्याने काढला की अल्कोहोलने, हेही लेबलावर असावे. बीटा-ग्लुकानसाठी गरम पाणी लागते, ट्रायटरपीनसाठी अल्कोहोल; दोन्ही वापरले असतील तर तसा उल्लेख असतो. अल्कोहोलमधील द्रवरूप अर्क केमोच्या रुग्णाने टाळलेला बरा, कारण तोंडात व्रण असतील तर तो झोंबतो आणि काही औषधांसोबत अल्कोहोल वर्ज्य असते. मशरूम मातीतून व लाकडातून कॅडमियम, शिसे, आर्सेनिक आणि पारा शोषून घेतात, म्हणून त्या त्या बॅचचा जड धातूंचा आणि जंतूंचा प्रयोगशाळा-अहवाल मागावा. अहवाल देण्यास टाळाटाळ करणाऱ्या विक्रेत्याकडून काही घेऊ नये. न शिजवता नुसती वाळवून दळलेली भुकटी पांढऱ्या पेशी कमी असताना घेऊ नये. तिच्यातील जिवाणू आणि बुरशीचे बीजाणू निरोगी माणसाला काही करणार नाहीत, पण या रुग्णाला करू शकतात.

सुरुवात आणि नोंदी

होकार मिळाल्यावर एका वेळी एकाच मशरूमचा अर्क सुरू करावा. सात-आठ मशरूमच्या मिश्रणात त्रास कशाने झाला हे शोधता येत नाही, आणि फायदा झाला तर तो कशाने, हेही कळत नाही. केमोची पहिली सायकल, म्हणजे औषध आणि त्यानंतरची विश्रांती मिळून होणारी पहिली फेरी, अर्काविना जाऊ द्यावी. पहिल्या सायकलमध्ये मळमळ किती, जुलाब किती, थकवा कोणत्या दिवशी जास्त, पेशी किती खाली गेल्या, हे एकदा समजले की पुढच्या बदलांची तुलना करायला आधार मिळतो. केमोच्या आदल्या दिवशी, त्या दिवशी आणि नंतरचे काही दिवस अर्क बंद ठेवावा असे अनेक तज्ज्ञ सांगतात. नेमके किती दिवस, हे औषध शरीरात किती काळ राहते यावर ठरते आणि ते डॉक्टरांनीच सांगावे.

मात्रेबाबत चाचण्यांचे आकडे सावधपणे वापरावेत. पीएसकेची नेहमीची मात्रा दिवसाला ३ ग्रॅम होती, पण ते शुद्ध केलेले औषध होते. बाजारातल्या भुकटीचे ३ ग्रॅम म्हणजे तेवढे पीएसके नव्हे. स्तनाच्या कर्करोगाचा किरणोपचार संपलेल्या ११ स्त्रियांवरील एका छोट्या अमेरिकी चाचणीत टर्की टेलची भुकटी दिवसाला ९ ग्रॅमपर्यंत सहा आठवडे देण्यात आली आणि ती बहुतेकींना सोसली. तरीही तज्ज्ञाने ठरवलेल्या मात्रेच्या पाव भागापासून सुरुवात करावी, आठवडाभर तीच ठेवावी आणि पोट बरे राहिले तर हळूहळू वाढवावी. जेवणानंतर घेतल्यास मळमळ कमी होते.

साध्या वहीत रोज एक ओळ लिहिली तरी पुरे: तारीख, सायकलचा कितवा दिवस, अर्काची मात्रा, ताप, शौचाच्या वेळा, अंगावर पुरळ किंवा निळसर डाग, नखांचा रंग. नखांचा उल्लेख मुद्दाम केला आहे. पीएसके घेणाऱ्यांत नखे काळवंडल्याची नोंद आहे आणि केमोच्या काही औषधांनीही तसेच होते, त्यामुळे बदल कधी सुरू झाला याची तारीख असेल तरच काही अंदाज बांधता येतो. यकृत व मूत्रपिंडाच्या तपासण्या प्रत्येक सायकलपूर्वी होतातच. त्यांचे आकडे त्याच वहीत शेजारी लिहावेत.

कधी थांबावे

ताप ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून वर गेला, तर अर्काचा विचार करत बसू नये. पांढऱ्या पेशी कमी असताना आलेला ताप ही तातडीची बाब आहे; लगेच रुग्णालय गाठावे आणि बाटली सोबत न्यावी. डोळे किंवा लघवी पिवळी होणे, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येणे, काळे शौच होणे, श्वास लागणे किंवा अंगभर पुरळ येणे, यांपैकी काहीही झाले तर अर्क त्याच दिवशी बंद करून कळवावे. शिटाके कच्चे किंवा अर्धवट शिजलेले खाल्ल्यावर पाठीवर चाबकाचे वळ उठावेत तसे लाल, खाजणारे पट्टे उमटतात. हा प्रकार आपोआप बरा होतो, पण केमोच्या औषधाची अ‍ॅलर्जी समजून गोंधळ होऊ शकतो, म्हणून आदल्या एक-दोन दिवसांत शिटाके खाल्ले असेल तर ते सांगावे. ठरलेल्या शस्त्रक्रियेच्या दोन आठवडे आधी अर्क थांबवावा, आणि बायोप्सी किंवा पोर्ट (केमो देण्यासाठी त्वचेखाली ठेवायचे छोटे उपकरण) बसवण्यापूर्वी विचारून घ्यावे.

ट्यूमर मार्करची, म्हणजे कर्करोगाचा अंदाज देणाऱ्या रक्तातील पदार्थाची चाचणी असेल तेव्हा आणखी एक काळजी घ्यावी. रेशीच्या बीजाणूंची भुकटी घेणाऱ्या पचनसंस्थेच्या कर्करुग्णांत सीए ७२-४ हा मार्कर वाढल्याचे आणि भुकटी बंद केल्यावर तो पुन्हा उतरल्याचे नोंदले गेले आहे. अशी वाढ दिसली की रोग उलटला या धास्तीने घरात हलकल्लोळ होतो, नको त्या तपासण्याही होतात. भुकटी घेत असल्याचे डॉक्टरांना आधीच ठाऊक असेल तर ते ती थांबवून काही आठवड्यांनी मार्कर पुन्हा तपासू शकतात आणि गरज वाटल्यास त्याच वेळी स्कॅनही करून घेऊ शकतात. मार्कर खाली आला म्हणून अर्काला श्रेय देण्याची घाईही याच कारणाने करू नये.

केमो संपली म्हणजे अर्काला मिळालेला होकारही संपला असे धरावे. पुढे टॅमॉक्सिफेनसारखी संप्रेरकविरोधी गोळी, लक्ष्यवेधी औषध किंवा इम्युनोथेरपी सुरू होणार असेल, तर औषधांची यादी बदलते, यकृतातील वाटा बदलतात आणि प्रतिकारयंत्रणेचे गणितही बदलते. तेव्हा नवी यादी आणि तीच बाटली घेऊन वरचे सगळे प्रश्न पुन्हा विचारावेत.